बदकाची अंडी घरी उबविताना ओलावा सांभाळा

मंगळवेढा हा ज्वारीचा कोरडवाहू पट्टा. उन्हाळ्यात येथील हवा फार कोरडी असते. अशा हवेत उबवणी यंत्राचे तापमान बरोबर असूनही पिल्ले कवचातच मरू शकतात. अंड्यातील पाणी जास्त उडते, आतला पडदा वाळतो आणि पिल्लाला कवच फोडता येत नाही. म्हणून तापमानाइतकेच लक्ष ओलाव्याकडे द्यावे.

अंड्यांची निवड
• ५ ते ६ माद्यांमागे १ नर असलेल्या कळपातील अंडी घ्यावीत.
• स्वच्छ, मध्यम आकाराची, तडा नसलेली अंडी निवडावीत.
• निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत. ७ दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नयेत.

उबवणी
• कालावधी २८ दिवस. मस्कोव्ही जातीसाठी ३५ दिवस.
• पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे.
• आर्द्रता २५व्या दिवसापर्यंत ५५ ते ६० टक्के, शेवटचे ३ दिवस ७० टक्क्यांच्या पुढे असावी. त्यासाठी खोल भांड्याऐवजी पसरट ट्रेमध्ये पाणी ठेवावे.
• २५व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून ३ ते ५ वेळा फिरवावीत, नंतर थांबवावे.
• ७व्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहावे. रक्तवाहिन्या न दिसणारी अंडी काढून टाकावीत.

वजनावरून ओलावा ओळखा
बसवताना ५-६ अंड्यांवर पेन्सिलने क्रमांक घालून वजन नोंदवा. २५ दिवसांत वजन १२ ते १४ टक्के घटले पाहिजे. म्हणजे ७० ग्रॅमचे अंडे पहिल्या आठवड्यात सुमारे अडीच ग्रॅमने घटून २५व्या दिवशी ६० ते ६२ ग्रॅम भरावे. घट जास्त असेल तर पाण्याचा ट्रे मोठा करा. पावसाळ्यात घट कमी दिसल्यास लहान करा.

वीज गेल्यास
झाकण उघडू नका. यंत्रावर गोधडी टाका, हवेची छिद्रे मात्र मोकळी ठेवा.

खुडूक कोंबडीखाली
गावरान कोंबडीखाली ८ ते १० अंडी पुरतात. तिला २८ दिवस बसावे लागते, म्हणून दाणा-पाणी जवळच ठेवा. जड अंडी तिला फिरवता येत नसल्यास हाताने फिरवा. दुसऱ्या आठवड्यापासून अंड्यांवर रोज कोमट पाणी हलके शिंपडा.

पिल्ले निघताना
कवचाला पहिला तडा गेल्यावर पिल्लू बाहेर यायला २४ ते ४८ तास लागू शकतात. या काळात यंत्र वारंवार उघडू नका, कवच सोलू नका. झाकण उघडले की ओलावा निघून जातो आणि उरलेली पिल्ले अडकतात.