शिफारस आणि वशिला

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांमध्ये गर्दी वाढते. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, सोबत आई किंवा मामा, आणि एकच प्रश्न: नीटसाठी क्लास कुठला लावायचा? १९९०च्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला, तेव्हा अशा प्रश्नांची उत्तरं माणसं देत. गावातले गुरुजी, आधी तिथे शिकून आलेला एखादा पोरगा, तालुक्याचे डॉक्टर. आता पहिलं उत्तर फोन देतो. त्यातल्या जाहिराती बाजूला ठेवल्या, तरी उरलेल्या यादीत कोण वर आणि कोण खाली, हे ठरतं कसं? त्यामागचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. शिफारशीचा वशिला कसा झाला, हे त्यात दिसतं.

१९९०च्या दशकातली शोधयंत्रं मुख्यतः शब्द बघत. डिसेंबर १९९५मध्ये सुरू झालेलं अल्टाव्हिस्टा त्यातलं नावाजलेलं. तुम्ही शोधलेला शब्द पानावर कुठे आणि किती वेळा आहे, यावर बरंच काही ठरायचं. मग लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहू लागले. वाचणाऱ्याला काही दिसायचं नाही, यंत्राला मात्र दिसायचं. थोडक्यात, पान स्वतःबद्दल जे सांगेल त्यावर यंत्र विश्वास ठेवत होतं.

यावरचा तोडगा ग्रंथालयांत आधीपासून होता. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने १८७३पासून, कोणत्या निकालाचा हवाला पुढच्या कोणत्या निकालांनी दिला, याच्या नोंदी वकिलांसाठी छापायला सुरुवात केली. युजीन गारफील्ड यांनी १९५५मध्ये हीच पद्धत विज्ञानासाठी सुचवली आणि १९६०च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आणला. एखादा शोधनिबंध महत्त्वाचा आहे का, हे त्याच्या लेखकाला विचारू नका. इतर किती जणांनी त्याचा आधार घेतला ते बघा.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६च्या सुमारास हा विचार वेबपानांना लावला. एका पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली, म्हणजे त्याचा हवाला दिला. या पद्धतीला ‘पेजरँक’ म्हणतात. तिच्यावरच्या मूळ निबंधाच्या चार लेखकांत जम्मूत जन्मलेले, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले प्राध्यापक राजीव मोटवानीही होते. सप्टेंबर १९९८मध्ये गुगल ही कंपनी स्थापन झाली.

पेजरँकची खरी करामत नुसत्या मोजणीत नव्हती. शिफारस कोण करतंय, याला त्यात वजन होतं. तालुक्याचे डॉक्टर वर्षात एकाच क्लासचं नाव घेत असतील, तर त्या शब्दाला किंमत असते. तेच डॉक्टर येईल त्याला पन्नास नावं सांगू लागले, तर प्रत्येक नावाच्या वाट्याला पन्नासावा हिस्सा. आणि डॉक्टरांचं स्वतःचं वजन कशावरून? त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांवरून. हे गणित पुन्हा पुन्हा फिरवत राहिलं की आकडे हळूहळू स्थिरावतात. तोच त्या पानाचा दर्जा.

नांदेडच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. परंपरेनुसार १७०८मध्ये गुरू गोबिंदसिंगांनी गुरुपद गुरू ग्रंथसाहिबाकडे सोपवलं ते नांदेडलाच. त्या ग्रंथात मराठी संत नामदेवांची ६१ पदं आहेत. शिवाय त्याच ग्रंथातल्या आपल्या पदांत संत रविदास नामदेवांचं नाव घेतात. नामदेवांनी ते कुणाकडे मागितलेलं नव्हतं. न मागता, दुसऱ्या प्रांतातल्या, स्वतः वंदनीय असलेल्या माणसाने घेतलेलं नाव, म्हणून त्याला वजन. मराठीत लिंकला ‘दुवा’ म्हणतात, आणि दुवा देणं म्हणजे आशीर्वाद देणंही. पेजरँकची सगळी भिस्त दुवा मनापासून दिलेला असण्यावर होती.

ती भिस्त फार काळ टिकली नाही. २०००च्या अखेरीस गुगलने ब्राउझरसाठी एक टूलबार आणला. त्यात प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा असा दिसू लागला. शिफारशीचं वजन आकड्यात दिसायला लागल्यावर तिचा भाव ठरायला वेळ लागला नाही. ओक्लाहोमातली सर्चकिंग ही कंपनी २००२मध्ये वरच्या दर्जाच्या पानांवरच्या लिंक विकत मिळवून देऊ लागली. गुगलने तिचा दर्जा घसरवला, तेव्हा ती कोर्टात गेली. मे २००३मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. पेजरँक हे गुगलचं मत आहे आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य त्याला आहे, असं कोर्टाने म्हटलं. जगाला मोजमाप वाटत होतं, ते कायद्याच्या भाषेत एका कंपनीचं मत ठरलं.

पुढे एकमेकांना लिंक देण्यापुरतीच उभी केलेली शेकडो पानं आली. त्यांना ‘लिंक फार्म’ म्हणतात. २००५मध्ये शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ ही खूण आणली. ती लावलेली लिंक उघडते, पण शिफारस म्हणून धरली जात नाही. फेब्रुवारी २०११मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं की जे. सी. पेनी या बड्या दुकानसाखळीसाठी विषयाशी संबंध नसलेल्या असंख्य पानांवर लिंक पेरल्या होत्या, आणि ऐन सणाच्या खरेदीत ते दुकान यादीत अव्वल होतं. २४ एप्रिल २०१२ला गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल केला आणि अशा लिंकवर उभी असलेली पानं खाली ढकलली. २०१६मध्ये तो टूलबारचा आकडाही लोकांना दिसेनासा केला. आज दर्जा ठरवताना लिंकखेरीज इतर अनेक गोष्टी बघितल्या जातात, तरी लिंकचा धंदा संपलेला नाही.

या इतिहासात फसवणाऱ्यांची चर्चा खूप होते. ज्यांच्याकडे कुणी बोटच दाखवलं नाही, त्यांची होत नाही. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं घ्या, औसा तालुक्यातली खरोशाची लेणी घ्या. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी संपादित केलेलं नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचं पुस्तक १९६८चं आहे. अशा छापील पुस्तकांना अभ्यासक एकमेकांच्या तळटीपांतून दुवा देत आले. पण कागदावरची तळटीप वेबवर आपोआप उतरत नाही. कुणी तिथे नोंद करून लिंक दिली नाही, तर लिंक मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी ती शिफारस झालेलीच नसते. क्लासवाल्याकडे लिंक विकत घ्यायला पैसे असतात, शिलालेखाकडे नसतात.

म्हणून क्लास निवडताना यादीतला क्रमांक बघून थांबू नका. या पानाकडे बोट कुणी दाखवलंय आणि त्यात त्याचा काय फायदा, हे विचारा. गेल्या वर्षी तिथे शिकलेल्या दोन मुलांना फोन करा. आणि आपल्या गावाबद्दल काही लिहाल, तेव्हा ज्याच्याकडून कळलं त्याचं नाव घ्या, त्याचं पान असेल तर लिंक द्या. त्याने मागितलेली नसताना.