आवाजाचं पॅकेट चुकीच्या रांगेत का जातं?

2020 च्या लॉकडाउनमध्ये मी नरपडला घरी होते. सहामाही सादरीकरण ऑनलाइन होतं. समितीतल्या सरांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, पण प्रश्न मात्र अर्धाच ऐकू आला. मी भलतंच उत्तर दिलं आणि सहा महिन्यांचं काम पुन्हा मांडावं लागलं. चित्र ठीक आणि आवाज तुटका, असं का? त्या दिवशीचं नेमकं कारण काहीही असो, मला माझा विषय इथेच सापडला.

डहाणू रोडला लोकलची वाट बघत उभे राहिलात तर राजधानी धडधडत निघून जाते. रूळ तेच, पण मान वेगळा. क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणजे थोडक्यात हेच. गंमत अशी, की गाडीचा मान कुठे लिहायचा यावरच पुढचा सगळा इतिहास अडला.

सप्टेंबर 1981 च्या आयपी प्रोटोकॉलमध्ये (आरएफसी 791) त्यासाठी आठ बिट राखले होते. पहिले तीन प्राधान्याचे. त्यांतली ‘फ्लॅश’, ‘इमिजिएट’ ही नावं थेट लष्करी तारसंदेशांच्या धाटणीची. 1994 मध्ये इंटसर्व्ह आलं: प्रत्येक प्रवाहासाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरवर आरक्षण. कल्पना सुरेख, पण लाखो प्रवाहांची नोंद ठेवणार कोण? म्हणून डिसेंबर 1998 मध्ये डिफसर्व्ह आलं. आरक्षण नाही, पॅकेटवर फक्त सहा बिटांची खूण. आवाजाची खूण ठरली 46, म्हणजे 101110.

हे झालं तारेचं. हवेत रूळच नसतात. ज्याला बोलायचंय तो थोडा थांबून, फासा टाकून बोलतो. 2005 च्या 802.11ई ने चार रांगा केल्या: आवाज, व्हिडिओ, साधा डेटा, पार्श्वभूमी. आवाजाचा फासा पहिल्या खेपेला 0 ते 3, व्हिडिओचा 0 ते 7, साध्या डेटाचा 0 ते 15. हमी कुठेच नाही, फक्त संधी जास्त. (हे वाक्य मुलाखतीत विचारतात हं!)

आता खरी मेख. वाय-फायचं प्राधान्य तीनच बिटांचं, म्हणून अनेक राउटर सहांपैकी पहिले तीन बिट उचलत. 101110 मधले 101, म्हणजे पाच. आणि पाच ही रांग व्हिडिओची! आवाजाची सहा आणि सात. दोन्ही मानकं आपापल्या जागी बरोबर, चूक सांध्यात. योग्य जोडणी सांगणारा आरएफसी 8325 आला थेट फेब्रुवारी 2018 मध्ये.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, खामलोली परिसरात, आयआयटी मुंबईच्या गटाने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून गावांपर्यंत इंटरनेट नेऊन पाहिलं. तिथेही शेवटचा टप्पा वाय-फायचाच. म्हणजे एका पॅकेटला किती सांधे ओलांडावे लागतात बघा. शिवाय उघड्या इंटरनेटवर ही खूण वाटेतच पुसली जाऊ शकते, ते वेगळंच.

विषय शोधताय ना? मग वायरशार्क लावा, मॉनिटर मोडमध्ये एखादा व्हॉइस कॉल पकडा. आयपी हेडरमध्ये 46 आणि वाय-फायच्या क्यूओएस रकान्यात 5 दिसलं, तर तिथून सुरुवात करा.