स्किड स्टिअर लोडर
स्किड स्टिअर लोडर : माती, खडी, शेणखत यांसारखे सुटे पदार्थ उचलून जवळच्या जवळ हलविणारे आटोपशीर भारक यंत्र. याची चाके मोटारीच्या चाकांप्रमाणे वळविता येत नाहीत. एका बाजूची चाके थांबविली वा उलट फिरविली व दुसऱ्या बाजूची पुढे चालविली म्हणजे चाके जमिनीवर घसरतात आणि यंत्र जागच्या जागी वळते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा राज्यात रॉथसे येथे सिरिल व लुई केलर या बंधूंचा यंत्रदुरुस्तीचा कारखाना होता. एका टर्की-पालकास कोठाराच्या वरच्या मजल्यावरील विष्ठा काढावयाची होती. त्यासाठी मजल्याला पेलेल इतके हलके व खांबांभोवती वळेल इतके लहान यंत्र आवश्यक होते. केलर बंधूंनी १९५७ मध्ये असे तीनचाकी यंत्र तयार केले. १९५८ मध्ये मिनेसोटाच्या राज्य जत्रेत ते प्रदर्शित झाल्यावर नॉर्थ डकोटातील मेलरो कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले. मागे दुसरा चालक आस बसवून १९६० मध्ये चारचाकी ‘एम-४००’ निघाले. १९६२ च्या ‘एम-४४०’ पासून ‘बॉबकॅट’ हे नाव रूढ झाले. केलर बंधूंचा २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात मरणोत्तर समावेश करण्यात आला.

पुढे याहूनही लहान यंत्रे प्रचारात आली. त्यांत चालकास बसण्याची जागा नसते. तो मागे चालतो किंवा पायफळीवर उभा राहतो. बागकाम, चर खणणे व घरांमधील अरुंद बोळ यांसाठी ती सोयीची असतात.

यंत्र निवडताना वाटेची रुंदी, जमिनीचा प्रकार व निर्धारित भारक्षमता पाहतात. चाकांच्या यंत्राची ही क्षमता यंत्र कलंडविणाऱ्या भाराच्या निम्म्याहून अधिक धरीत नाहीत. पट्ट्यांवर चालणारे यंत्र मऊ जमिनीत कमी रुतते. मात्र पट्ट्यांचा ताण वारंवार तपासावा लागतो. घसरण्यामुळे टायर लवकर झिजतात, म्हणून दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा ठेवतात. सांध्यांच्या खिळींना वंगण देणे, द्रवीय तेलाची पातळी व गाळण्या पाहणे आणि प्रारकातील धूळ काढणे ही नित्याची कामे होत.

बसून चालवावयाच्या यंत्रात उचलभुजा चालकाच्या दोन्ही बाजूंनी वर-खाली होतात. भुजा व सांगाडा यांच्यामध्ये चिरडून मृत्यू ओढवल्याने अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये इशारा प्रसिद्ध केला. आसनपट्टा व भुजांना अडविणारी कुलूपयंत्रणा निकामी करू नये आणि उचललेल्या भुजेस आधार दिल्याखेरीज तिच्याखाली दुरुस्ती करू नये, हा निगेचा पहिला नियम होय.