'छायाचित्र : एक इंग्रज अधिकारी' ही माझी ओळ चुकीची होती

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

बारा वर्षांपूर्वी दुष्काळावरच्या पुरवणीसाठी मी एक जुना फोटो छापला होता. औरंगाबाद जिल्हा, 1899-1900, म्हणजे छप्पनचा दुष्काळ. फासळ्या मोजून घ्याव्यात अशी माणसं, त्यात बायका आणि लेकरं. पान लावायची घाई होती. फोटोखाली मी ओळ दिली : 'छायाचित्र : एक इंग्रज अधिकारी'. कशावरून दिली? कशावरून नाही. त्या काळात कॅमेरा म्हणजे साहेबाकडेच असणार, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पत्रकारितेच्या डिप्लोमात सहा ककार घोकून घेतले होते, त्यातला 'कोण' पहिल्या झटक्यातच गाळला.

ते पान कापून तालुक्यातल्या एका शाळेने भिंतीवर लावलं. मध्यंतरी तिथल्या आठवीतल्या एका मुलीने प्रकल्पासाठी फोन केला. "काका, त्या इंग्रज साहेबाचं नाव काय होतं?"

उत्तर नव्हतं. मग शोधायला बसलो. चार महिने गेले. आणि निघालं असं की साहेब नव्हताच.

औरंगाबाद भागातले दुष्काळी कामांचे ते फोटो 'राजा दीनदयाळ अँड सन्स' या पेढीचे आहेत. निजामाचे दरबारी छायाचित्रकार. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हिंदुस्थानात ज्यांचं नाव सगळ्यात मोठं होतं, त्यांच्यापैकी एक. पण माणूस आपल्यातला, मध्यमवर्गीय नोकरदार, सरकारी बांधकाम खात्यातला.

त्यांचं घराणं शोधायचं म्हणजे पहिली अडचण नावाची. 'लाला' हा मानाचा शब्द, 'राजा' हा किताब, आडनावाचा पत्ताच नाही. इंग्रजी कागदांत स्पेलिंगं दोन-तीन. मुलांची नावं ज्ञानचंद आणि धरमचंद. म्हणजे बापाच्या नावावरून मुलं सापडत नाहीत आणि मुलांच्या नावावरून बाप. आपल्याकडे निदान 'अमुक तमुक पाटील' असं काहीतरी हाताला लागतं. इथे पेढीच्या पाटीवरचं नावच पुढे घराण्याची ओळख झालं.

दुसरी अडचण सालाची. निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा आणि 1884 पासून सरकारी कारभार फारसीऐवजी उर्दूत गेला. 1309 फसली म्हणजे कधी? त्यात 590 मिळवायचे, की 1899-1900 येतं. आणि लोकांच्या तोंडी 'छप्पन' का? तो विक्रम संवताचा आकडा, 1956. शके धरला तर ते साल 1821. एकच दुष्काळ तीन-चार आकड्यांनी नोंदलेला. ज्याला जुळवाजुळव माहीत नाही त्याला हे तीन-चार वेगवेगळे दुष्काळ वाटतील. मला सुरुवातीला वाटलेच होते.

तर माणूस असा. जन्म 1844, मेरठजवळचं सरधना. हे बेगम समरूचं गाव, चर्चसाठी प्रसिद्ध. घराणं जैन, जवाहिऱ्यांचं. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचं शिक्षण. 1866 मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, हुद्दा एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समनचा. म्हणजे आजच्या भाषेत पीडब्ल्यूडीत अंदाजपत्रकं करणारा आणि नकाशे काढणारा माणूस. कॅमेरा हातात आला 1874 च्या सुमारास, तिशीत. इंदुरात तेव्हा दुसरे तुकोजीराव होळकर. त्यांचा आणि एजंट सर हेन्री डॅली यांचा आश्रय मिळाला. आपल्या माणसाशी पहिला धागा जुळतो तो इथे. मराठी संस्थानिकाच्या गावात हा फोटोग्राफर घडला.

त्या वेळी फोटो काढणं म्हणजे काय, हे आज मोबाईलवर सांगताना गंमत वाटते. काचेवर रसायन ओतायचं, काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. म्हणून जिथे फोटो तिथे काळोखाचा तंबू, पाणी, बाटल्या, हमाल, बैलगाडी. पुढे कोरड्या काचा आल्या आणि हा व्याप बराच कमी झाला. 1882 मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात फिरले. त्या फिरतीतले फोटो 1886 मध्ये मध्य भारतातल्या स्मारकांवरच्या पुस्तकात आले. मग व्हाइसरॉयचे छायाचित्रकार, मग सहावे निजाम महबूब अली खान यांचा दरबार, सिकंदराबादेत स्टुडिओ, 'मुसव्विर जंग' किताब. मुसव्विर म्हणजे चित्रकार. फोटोग्राफरला 'जंग' ही पदवी! 1892 मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तो मिसेस केनी-लेव्हिक या बाई चालवायच्या. 1896 मध्ये मुंबईत शाखा. 1897 मध्ये खुद्द राणीचं फर्मान.

हे सगळं त्या घराण्याबद्दल आज एवढं नीट सांगता येतं, त्याचं कारण साधं आहे. हिशेबी माणूस. काचांना नंबर, वह्यांत नोंदी. स्वतःच्या कारकिर्दीची छोटी हकिकतही त्यांनी लिहून ठेवली. 1904 मध्ये मुलगा धरमचंद गेला आणि 1905 च्या जुलैत मुंबईत ते स्वतः. ज्ञानचंद यांनी पेढी पुढे चालवली, पण तो रुबाब राहिला नाही. तरी घरच्यांनी काचा फेकल्या नाहीत. हे लिहायला सोपं आहे, करायला नाही. काचेच्या पेट्या म्हणजे ओझं. जागा खातात, फुटतात, भाडं देत नाहीत. पिढ्यान् पिढ्या त्या सांभाळल्या. 1980 मध्ये क्लार्क वॉर्सविक यांचं 'प्रिन्सली इंडिया' हे पुस्तक आलं आणि जगाला हे नाव पुन्हा आठवलं. 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घराण्याकडून 2,857 काचा घेतल्या. 2006 मध्ये टपाल तिकीट निघालं.

आता उलट बाजू.

आमच्याच गावातल्या एका जुन्या स्टुडिओच्या काचा मी लहानपणी पाहिल्या आहेत. कुठे? शेजाऱ्यांच्या खिडकीत. गरम पाण्याने वरचा थर खरवडला की स्वच्छ काच मिळते. फोटो फ्रेमलाही उपयोगी. कोपऱ्यात थोडा काळा थर राहिला होता, त्यात एका माणसाचा फेटा आणि अर्धं कपाळ उलट दिसायचं. आम्ही पोरं त्याला भूत म्हणायचो. त्या स्टुडिओच्या मालकांचं घराणं कुठून आलं, फोटो काढायला कुठे शिकले, कुणाची लग्नं टिपली, यातलं काही आज सांगता येत नाही. नातवंडं पुण्यात आहेत, भली माणसं आहेत, पण त्यांच्याकडेही आजोबांचा स्वतःचा एकच फोटो. म्हणजे मेरठकडून आलेल्या घराण्याचा इतिहास मी चार महिन्यांत काढला आणि माझ्या गल्लीतल्या फोटोवाल्याचा निघत नाही!

आणि ज्यांचे फोटो काढले त्यांचं काय?

याच पेढीचा आणखी एक प्रसिद्ध फोटो आहे. 1902 मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबाद संस्थानात शिकारीला आले होते. मारलेला वाघ पुढे पसरलेला, मागे कर्झन आणि लेडी कर्झन. त्या फोटोत कोण उभं आहे हे जगाला माहीत आहे. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, त्याच पेढीच्या कॅमेऱ्यासमोर आपल्या औरंगाबाद जिल्ह्यातली माणसं उभी होती. तिथे मथळ्यात 'दुष्काळपीडित' एवढाच शब्द. काचेला नंबर आहे, माणसाला नाव नाही.

मी यासाठी फोटोग्राफरला दोष देत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये भांडण लागेल. ते फोटो निजामाच्या सरकारने केलेल्या मदतकार्याची नोंद म्हणून काढलेले. राज्यकर्त्याला दाखवायचं होतं की आम्ही कामं काढली, लोकांना जगवलं. आजच्या भाषेत 'शासन आपल्या दारी'चे फोटो. फरक एवढाच की त्यात माणसं हसताना दिसत नाहीत. पण 1891 आणि 1901 ची शिरगणती शेजारी ठेवली तर औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत लाखभराने घटलेली दिसते. 1891 मध्ये सव्वाआठ लाखांच्या आसपास माणसं होती, म्हणजे आठातलं एक गेलं. काही मेली, काही परागंदा झाली. फोटोतल्या त्या रांगेत उभं राहिलेल्यांपैकी कोण कुठल्या बाजूला गेलं हे मथळ्यात येत नाही.

माझ्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. सुकडीची चव अजून सांगतात. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, अंगठा नाही, सही होती. अभिमानाने सांगतात. छप्पनमध्येही कामं तीच : खडी, रस्ते, तलाव. वडिलांच्या पणजीने त्या कामावर माती वाहिली असं घरात ऐकलंय. तिचं नाव? घरात कुणालाच येत नाही. 'थोरली आई' एवढंच. त्या फोटोतल्या बायकांकडे मी आता पाहतो तेव्हा नातं लावायचा मोह होतो. लावत नाही. एकदा 'इंग्रज अधिकारी' लिहून झालंय, पुन्हा अंदाजाने मथळा द्यायचा नाही.

पोस्ट लिहायचं खरं कारण पुढे आहे. घरात पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना फोटो असेल, तर आधी उलटा करा. मागची बाजू बोलते. दीनदयाळांचंच उदाहरण घ्या : नावामागे 'राजा' असेल तर फोटो 1894 च्या आधीचा नाही. मुंबईचा पत्ता असेल तर 1896 च्या आधीचा नाही. राणीच्या नेमणुकीचा उल्लेख असेल तर 1897 किंवा नंतरचा. इतर स्टुडिओंचंही असंच, पत्ता, पदकं, राजचिन्ह यांवरून साल जवळपास ठरतं. ओळखीच्या एका घरात 'हा पणजोबांचा, अठराशे सत्तावन्नच्या बंडातला' म्हणून फोटो दाखवला. मागे मुंबईचा पत्ता छापलेला! पणजोबा बंडात नव्हते, बहुधा मुंबईला खटल्यासाठी गेले असतील तेव्हा हौसेने काढला असेल. घरचे थोडे हिरमुसले. चहा मात्र पाजला.

पुठ्ठा सोलून काढू नका. लॅमिनेशन करू नका, ते तर अजिबात नाही. मागे बॉलपेनने लिहू नका, साध्या शिसपेन्सिलने हलक्या हाताने लिहा : कोण, कुठलं, सांगणारं कोण. म्हाताऱ्या माणसांना विचारून आत्ताच लिहा. आणि दिवाळीच्या साफसफाईत काचेच्या जुन्या पट्ट्या सापडल्या तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी उजेडासमोर धरून बघा. उलटा चेहरा दिसला तर मला फोन करा, मी येऊन बघतो. पैसे मागणार नाही, घेऊनही जाणार नाही.

परवा शाळेत जाऊन आलो. ते पान अजून भिंतीवर आहे, पिवळं पडलंय. मुख्याध्यापकांच्या परवानगीने माझ्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली : 'छायाचित्र : राजा दीनदयाळ अँड सन्स, सिकंदराबाद'. त्या मुलीने विचारलं, "आणि काका, या बायांची नावं?" मी तिलाच म्हटलं, तुझ्या पणजीचं नाव माहितीये का? म्हणाली, "घरी विचारते."

विचारून आली. नाव मिळालं. पणजीच्या आईचंही मिळालं. तिच्या वहीत दोन्ही लिहून घेतलेत, तारखेसकट.