कोंडा कुठं गेला?

गटांच्या बैठकीत जेवणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आजकालच्या बायकांना कंटाळा, म्हणून घरोघरी पुडे फुटतात." पुरुष म्हणतात, सासवा म्हणतात, दवाखान्यातही ऐकायला मिळतं. आपणही मान डोलावतो. आज मला हे वाक्य जरा तपासून बघायचं आहे. त्यासाठी थोडं मागं, सव्वाशे वर्षांपलीकडं जावं लागेल.

आधी दाण्याकडं बघू. तांदूळ असो, गहू असो की ज्वारी, दाण्याला वरून साल असते, तिला आपण कोंडा म्हणतो. एका टोकाला बारीकसा अंकुर असतो आणि आत पांढरा पिष्टाचा भाग असतो. पोट भरतं ते पिष्टानं. पण जीवनसत्त्वं, लोह, तंतू यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो. उखळात कांडलेल्या तांदळाला कोंड्याचा लेप राहायचा, म्हणून तो तांबूस दिसायचा. वाफेच्या गिरण्या आल्या आणि तांदूळ पांढराशुभ्र व्हायला लागला. तो दिसायला देखणा आणि जास्त दिवस टिकणारा होता, कारण कोंड्यातलं तेलच निघून गेलेलं. किडे कमी लागत. व्यापाऱ्याला तेच हवं होतं.

याची किंमत पहिल्यांदा कळली ती कोंबड्यांमुळं. जावा बेटावर, आज ज्याला जकार्ता म्हणतात त्या गावी, आइकमन नावाचे डच डॉक्टर १८९० च्या सुमारास बेरीबेरी या रोगाचं कारण शोधत होते. पाय लुळे पडायचे, हृदय थकायचं, माणसं दगावायची. डॉक्टरांना वाटत होतं हा जंतूंचा रोग आहे. त्यांच्या आवारातल्या कोंबड्यांचेही पाय लुळे पडले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्यानं तो भात द्यायला नकार दिला, मग त्यांना पुन्हा साधा, न सडलेला तांदूळ मिळाला आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. रोग जंतूंचा नव्हताच, कोंडा गेल्याचा होता. पुढं कोंड्यातल्या त्या सत्त्वाला ब-१ जीवनसत्त्व असं नाव मिळालं आणि १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक. मला मात्र त्या स्वयंपाक्याचं फार कौतुक वाटतं.

कोकण-गोव्याकडं उकडा तांदूळ खातात, त्याचं शहाणपणही इथंच आहे. भात टरफलासकट उकडला की सालीतलं सत्त्व दाण्यात मुरतं. मग गिरणीत घातला तरी सगळं वाया जात नाही. हे त्या बायकांना कुठल्या प्रयोगशाळेनं शिकवलेलं नव्हतं.

आपल्या देशात तमिळनाडूतल्या कुन्नूर इथं मॅककॅरिसन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला देशातल्या एकेका प्रांताचं जेवण घातलं. अख्ख्या गव्हाची रोटी, दूध, डाळ, भाज्या असं शीख लोकांचं जेवण खाणारे उंदीर सगळ्यांत धडधाकट निघाले. पांढऱ्या तांदळावर राहिलेले मद्रासकडच्या जेवणाचे उंदीर सगळ्यांत दुबळे. आणि मराठी जेवण? शीख आणि पठाण यांच्या खालोखाल. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्या ताटाचा नंबर चांगला वरचा होता, हे लक्षात ठेवा.

आता वर्ध्याला येऊ. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी तिथं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला. जमनालाल बजाज यांनी बाग आणि घर दिलं, त्याला मगनवाडी म्हणतात. कामाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडं होती. हा माणूस हिशेबतपासनीस, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेला. त्यांनी हिशेब मांडला तो असा: गावातलं भात गिरणीत गेलं की गावातल्या बाईची कांडणाची मजुरी जाते, आणि तोच तांदूळ निःसत्त्व होऊन तिच्याच घरी विकत परत येतो. एकाच गिरणीत तिचं दोनदा नुकसान. गांधीजींनी डॉक्टरांकडून मतं मागवली आणि "हरिजन" साप्ताहिकात लिहायला सुरुवात केली. हातसडीचा तांदूळ, न चाळलेली कणीक, साखरेऐवजी गूळ, घाण्याचं तेल, पालेभाज्या हे त्यांचे विषय. कारखान्यात फार प्रक्रिया झालेलं अन्न कमी खा, असं आज आहारतज्ज्ञ सांगतात. तेच नव्वद वर्षांपूर्वी आपल्या राज्यातल्या एका बागेत सांगितलं जात होतं.

पण इथं मला थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. कांडायचं कुणी? दळायचं कुणी? पहाटे तीन-चारला उठून जात्यावर बसणारी बाई त्या दळणाला काय म्हणत होती, हे तिच्या ओव्यांतून कळतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन यांनी गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माया आहे, देव आहे, भाऊ आहे, तसे कष्टही भरपूर आहेत. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा आपल्या आज्यांनी तिला ओवाळलंच असेल. मला ते पूर्ण पटतं. जातं परत आणा, असं मी कुणाला सांगणार नाही. मगनवाडीच्या लोकांनाही हे कळत होतं. जातं हलकं फिरावं, घाण्याला कमी मेहनत लागावी यासाठी तिथं अवजारांवर प्रयोग झाले. झवेरभाई पटेल यांनी घाणा सुधारला, त्याला वर्धा घाणी म्हणतात.

आणि एक गैरसमज काढून टाका. गावातली दगडाची पिठाची गिरणी आपली वैरीण नाही. तिच्यात दाणा पडतो तसाच्या तसा पीठ होऊन खाली येतो, काही वगळलं जात नाही. कोंडा जातो तो घरी आल्यावर, आपल्या हातातल्या बारीक चाळणीनं. मोठ्या कारखान्यातली गिरणी वेगळी. तिथं लोखंडी रुळांमधून गहू फोडतात, कोंडा आणि अंकुर बाजूला काढतात, उरतो तो मैदा. भाताचंही तेच. रबरी रुळाचं यंत्र फक्त टरफल काढतं, तांदळाची साल तशीच राहते. पुढं तो किती घासायचा, हे गिऱ्हाईक सांगेल तसं ठरतं. म्हणून भात दळायला नेणाऱ्या बाईनं "एकदाच काढ, पॉलिश नको" एवढं सांगितलं तरी पुष्कळ होतं.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९५८ साली तांदूळ गिरण्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. हातसडीवर पोट असणाऱ्यांचा विचार करून नव्या गिरणीला परवाना द्यावा, असा त्यात हेतू होता. १९९७ मध्ये तो रद्द झाला, तोवर हातसडी जवळजवळ संपलीच होती. दुसरीकडं १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल ४८० करार झाला आणि बोटीनं गहू येऊ लागला. १९६५ मध्ये सरकारनं स्वतःच मॉडर्न बेकरीज नावाची कंपनी काढून पाव बनवायला घेतले. आपल्या ज्वारीच्या मुलखात गव्हाची पोळी सणाला, नाहीतर पाहुण्याला. तो गहू रेशनवर स्वस्तात मिळायला लागल्यावर लोकांनी तो आनंदानं घेतला. रोज पोळी म्हणजे घर वर आलं असं वाटायचं. भाकरी गरिबाची, पोळी मानाची, हे मनात बसलं ते तेव्हापासूनच.

मग १९७२ चा दुष्काळ. ज्यांच्या घरी सत्तरीतलं माणूस आहे त्यांनी आज रात्री विचारून बघा. जनावरं छावणीला, माणसं खडी फोडायला. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यांत बायका ढीगभर. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. ज्वारीच्या माहेरघरात परदेशची ज्वारी खायची वेळ आली! मिलोची लालसर भाकरी आठवली की म्हातारी माणसं आजही तोंड वाकडं करतात. पण त्या धान्यानं माणसं जगली, हेही तीच सांगतात. याच कामांमधून पुढं रोजगार हमीचा कायदा झाला.

तोवर शेतही बदलत होतं. १९६४ मध्ये ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. उतारा वाढला, पण ताट बुटकं, कडबा कमी आणि काढणीच्या वेळी पाऊस आला की कणसं काळी पडायची. चव गेली म्हणून माणसं कुरकुरली. नाजूक पोराला "हायब्रीड" म्हणायची रीत तिथूनच पडली. खरीप ज्वारी परवडेना, तेव्हा तिच्या जागी नव्वदीनंतर सोयाबीन आलं. यातली गंमत बघा. १९३५ मध्ये मगनवाडीच्या स्वयंपाकघरात गांधीजींनी सोयाबीन शिजवून खाण्याचे प्रयोग केले होते. गरिबाला स्वस्तात प्रथिनं मिळावीत हा विचार. आज वर्ध्यापासून लातूरपर्यंत शिवारं सोयाबीननं भरलेली आहेत, पण आपल्या चुलीवर ते किती शिजतं? पोतं भरून मोंढ्यावर जातं. कारखान्यात ते चपटं करून हेक्झेन नावाच्या द्रावणात भिजवतात, तेल विरघळून बाहेर येतं, मग द्रावण उडवून लावतात, तेलाचा रंग आणि वास काढतात. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेल पिशवीतून आपल्याकडं परत येतं. कुमारप्पांचा हिशेब आठवला ना?

आपलं तेल होतं करडईचं, जवसाचं, कारळाचं, शेंगदाण्याचं. १९३७ मध्ये डालडा आला. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलानं बाजार भरला. गावातला तेली त्यापुढं टिकणार कसा? आज लाकडी घाण्याचं तेल पुन्हा मिळतं, पण दुप्पट दरानं, तेव्हा ते घ्याच असं मी मजुरीवर जाणाऱ्या बाईला सांगणार नाही. घरात महिन्याला तेल किती जातं ते आधी मोजा. तेल कोणतं यापेक्षा किती, याचा फरक पहिल्यांदा पडतो.

तर आता त्या वाक्याकडं येते. ज्वारी शेतातून गेली, ती बाईच्या कंटाळ्यानं नाही. तेली उठला तो तिच्यामुळं नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोनं द्यायची तरतूद होती, पण पिशवीत बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच पडले. आज बाजारात चांगली शाळू गव्हाहून महाग. बाई सकाळी सातला खुरपायला जाते, सहाला परत येते, आणि दारातल्या दुकानात पाच रुपयांचा पुडा टांगलेला असतो. पोराच्या हातात पाच रुपये देणं तिला परवडतं, भाकरी थापायला तासभर देणं परवडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. ज्या घरातली बाई अशी थकलेली आहे, तिला आणखी कामं सांगून ताट सुधारणार नाही.

त्या रक्तक्षयासाठी रेशनच्या तांदळात लोहाचे दाणे मिसळून द्यायला सुरुवात झाली. शंभर दाण्यांत साधारण एक. काही बायका ते प्लास्टिकचे समजून वेचून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ घालून ते दाणे केलेले असतात, टाकू नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. मला हसू येतं ते एवढ्याचंच की आधी यंत्रानं कोंडा काढायचा, मग दुसऱ्या यंत्रानं सत्त्व परत घालायचं, आणि दोन्हीचा खर्च करायचा.

मग आपल्या हातात काय आहे? एक गोष्ट बऱ्याच गटांना माहीत नसते. ७ ऑक्टोबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, हे काम शक्यतो गावातल्या लोकांकडून, बचत गटांकडून आणि महिला मंडळांकडून करून घ्यावं. म्हणजे गावातल्या पोराच्या वाटीत काय पडतं, हा विषय ग्रामसभेत काढायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आणि एकेकीनं घरी राबण्यापेक्षा गटानं एकत्र करण्यासारखी कामं पुष्कळ आहेत. पेरणीआधी पाच-सहा जणींनी ठरवून एकेक पट्टा ज्वारीचा आणि करडईचा ठेवायचा. गटाच्या गिरणीवर ज्वारी, हरभरा, थोडं सोयाबीन भाजून एकत्र दळायचं. सोयाबीन मात्र नीट भाजूनच, कच्चं पचत नाही. असं पीठ डब्यात असलं की पोराला पाच मिनिटांत गुळाबरोबर कालवून देता येतं. गिरणीवर कुणाची पाळी, ती घरातल्या पुरुषांनाही लावा. त्यांना यंत्र चालवायला आवडतं, असं त्यांचं म्हणणं असतं.

येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं घरातले रिकामे पुडे घेऊन यायचे आहेत. बिस्किटाचा, शेवेचा, नूडल्सचा, जो असेल तो. पुड्याच्या मागं काय काय घातलं आहे ते लिहिलेलं असतं, आणि जे वजनानं सगळ्यांत जास्त ते पहिलं लिहायचं असा नियम आहे. मैद्याला तिथं बहुतेक वेळा "रिफाइंड गव्हाचं पीठ" म्हणतात. अक्षर बारीक असतं, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या मुलींनाही बरोबर आणा, त्या वाचतील. आणि सासूबाईंना आणा. बहात्तर साली काय खाल्लं ते त्या सांगतील.