काळीवरचा पाया

मराठी मुलखात गावाची जमीन फार पूर्वीपासून दोन नावांनी ओळखली जाते. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आणि काळी म्हणजे पिकाची. ही नावे पुढे महसुली दप्तरातही रुळली, पण त्यांच्या मुळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा बांधकामाचा अनुभव आहे. काळीत कापूस होतो, ज्वारी होते. घर मात्र टिकत नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथे या दोन मातींमधली जुनी सीमा जवळजवळ पुसली गेली आहे. जनगणना या गावाला शहर मानते, कारभार ग्रामपंचायतीचा आहे. शेजारच्या सावंगी मेघे, सिंदी मेघे आणि बोरगाव मेघे या गावांप्रमाणे इथेही शेतांचे लेआउट पडले, घरे उठली, आणि घरांच्या बाजूला मोटार किंवा ट्रॅक्टर ठेवण्यासाठी टिनाचे शेड आले. पुण्याकडे ज्याला पत्रा म्हणतात त्याला विदर्भात टिन म्हणतात. वर्कशॉपमध्ये कापून, भोके पाडून आणलेला असा सांगाडा दोन-तीन दिवसांत जोडून होतो. पुष्कळदा त्याला फरशी नसते, नुसता मुरूम असतो. काळीवर असे हलके, बिनफरशीचे शेड कसे उभे करावे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा शेतात हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. जूनच्या पावसात त्याच भेगा भरून येतात आणि जमीन वर उचलली जाते. सगळी जमीन सारख्या मापाने वर आली असती तर घराला फारसा धोका नव्हता. तसे होत नाही. उघड्या जागेची माती भिजते-वाळते, छताखालची तेवढी वाळत नाही. मोरीजवळची कायम ओली, झाडाजवळची कायम कोरडी. घराचा एक कोपरा वर जातो, दुसरा खाली राहतो, आणि भिंतीत तिरपी फट उमटते. वर्धा-नागपूर भागातल्या जमीनमोजणीत मातीचे काळी, मोरंड, खरडी आणि बरडी असे प्रकार धरले गेले. ही प्रतवारी सारा ठरवण्यासाठी होती, पण पायासाठीही ती उपयोगी आहे. काळी सर्वांत खोल, बरडी सर्वांत उथळ आणि खडेमिश्रित. पिकाला जी जमीन कमी प्रतीची, ती घराला चांगली.

म्हणूनच जुनी वस्ती काळीपासून दूर राहिली. धाम नदीकाठचे पवनार हे याचे जवळचे उदाहरण. तिथे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केले, तेव्हा अनेक शतकांच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. मातीच्या भिंती पडायच्या, त्यांच्याच ढिगावर नव्या उठायच्या. राख, पडक्या भिंतींची माती आणि खापरे मिळून बनलेली ती फिकट जमीन काळीइतकी फुगत नाही. पांढरी काही प्रमाणात निसर्गाने दिली, बरीचशी माणसांनी राहून राहून घडवली.

शेतात मात्र काही ना काही उभे करावेच लागे. गुरांचा कोठा, कडबा ठेवण्याची जागा, बंडीवर म्हणजे बैलगाडीवर सावली. बंडीचा मांडव हा आजच्या गॅरेजचा खरा पूर्वज मानायला हवा. त्याला पाया असा नव्हताच. लाकडी खांब जमिनीत पुरायचे, वर आडवी लाकडे आणि बांबू दोरीने बांधायचे, त्यावर गवत किंवा कवेलू. बाजू झाकायची असेल तर तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कुड. खाली मातीच. पावसाळ्यात एखादा खांब बोटभर वर आला तरी दोरीचा सांधा ते सहन करी. खांबाचा बुंधा वाळवीने खाल्ला की खांब बदलायचा. बांधणी सैल होती, आणि हलत्या जमिनीवर तो सैलपणा दोष नव्हता. कडक सांध्यांचे बांधकाम आल्यावरच काळीचा त्रास खऱ्या अर्थाने जाणवू लागला.

हे नवे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. नागपूरपासून तोडून १८६२ मध्ये वर्धा जिल्हा झाला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवून ते तिथे आणले गेले. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटचा कापूस व्यापारात नावाजलेला होता. रेल्वेमुळे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले, आणि त्यांच्याबरोबर गोदामे व मालधक्केही. नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये घेतले होते. कापसाच्या मुलखात हा पत्रा उपयोगी ठरला, कारण कमी वजनात मोठा पल्ला झाकता येई आणि आगीचे भय गवतापेक्षा कमी होते.

सरकारी बांधकामाचा काळीवरचा उपाय सरळ आणि खर्चिक होता: मुरूम लागेपर्यंत खोदायचे. काळीच्या खाली बेसॉल्टची अर्धवट झीज झालेला मुरूम असतो आणि तो फुगत नाही. तिथपासून दगड व चुन्याने पाया भरून वर जोते आणायचे. चुनाही बऱ्याचदा काळीनेच दिला, कारण या मातीत सापडणारे कंकर भट्टीत भाजून, घाणीत मळून तो तयार करता येई. जिथे मुरूम खोल होता तिथे पायाच्या दोन्ही बाजूंना वाळू भरायची, म्हणजे फुगणारी माती दगडाला थेट ढकलत नाही. ही युक्ती आजही चुकीची नाही.

सेवाग्रामच्या कुट्यांनी दुसरी वाट धरली. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला आले. हेच गाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. आदी निवास ही तिथली पहिली कुटी. बांधकाम गावातल्या साहित्याचे आणि गावातल्या कारागिरांकडून व्हावे, खर्च पाचशे रुपयांच्या पुढे जाऊ नये, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड, कवेलू यांचे हे बांधकाम मीराबहेन यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. काळीच्या दृष्टीने पाहिले तर त्यातली महत्त्वाची गोष्ट जमीन ही आहे. ती सारवलेली होती. सारवलेल्या जमिनीला भेग गेली तर शेणमातीचा एक हात पुरतो. सिमेंटच्या कोब्याला भेग गेली तर तो फोडून पुन्हा करावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर शहरे पसरली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने शेतजमीन अकृषक करण्याची रीत ठरवून दिली, आणि ‘एन.ए. प्लॉट’ हा शब्द घरोघरी गेला. अभियांत्रिकी मात्र आधीच कामाला लागली होती. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात काळ्या मातीसाठी ‘अंडर-रीम्ड पाइल’ रुजवला. बोअर पाडून त्याच्या तळाशी बोअरच्या साधारण अडीचपट व्यासाचा फुगवटा कोरायचा, सळई सोडून काँक्रीट भरायचे. खोल काळीत तो किमान साडेतीन मीटर न्यावा असे मानक सांगते, कारण ऋतूंचा ओलावा-कोरडेपणा तेवढ्या खोलीपर्यंत पोचतो. तळाचा फुगवटा खांबाला धरून ठेवतो. वरची माती फुगली तरी तो उचलला जात नाही. दुसरे काम पवईच्या आयआयटीत आर. के. कट्टी यांचे. काळीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा दाबलेला थर दिला तर खालची माती शांत राहते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. १९७८ च्या भारतीय भूतंत्र संस्थेच्या वार्षिक व्याख्यानात त्यांनी ते सविस्तर मांडले.

हलक्या शेडला हे सारे लागू होते, पण एका वेगळ्या कारणाने. दगडी घराचा पाया वजन पेलतो. शेडच्या पायाला वजन जवळजवळ नसतेच. त्याचे काम शेड जमिनीला धरून ठेवण्याचे आहे. फुगणारी माती चौरस मीटरमागे कित्येक टनांचा दाब देते. जड इमारत तो काही अंशी दाबून धरते, हलका खांब सरळ वर जातो. त्यात वारा. आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १२० किलो भरतो. तीन बाय सहा मीटरच्या, समोरून उघड्या गॅरेजचे छत १८ चौरस मीटर. म्हणजे दोन टनांहून अधिक ओढ वरच्या दिशेला लागू शकते. शेडचे स्वतःचे वजन टनाच्या आत असते. मृगाच्या आधीच्या वावधानात टिन उडतात ते यामुळेच, आणि वीतभर खड्ड्यात पाइप रोवून वर सिमेंट ओतणे हा पाया नव्हे. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २.४ टन भरते. किती काँक्रीट लागेल याचा हिशेब तिथून सुरू होतो.

काम पाऊस संपून जमीन थोडी वाळल्यावर, साधारण दिवाळीनंतर निघते. आधी जागेची वरची, मुळे-कचरा असलेली माती काढतात. खुंट्या मारून, दोरी ताणून फक्कीने आखणी करतात; एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि कर्ण पाच आला की कोन काटकोनात. शेवटी दोन्ही मोठे कर्ण मोजून जुळवतात. तयार सांगाड्यात हीच पायरी सर्वांत नाजूक असते, कारण विटेची भिंत बोटभर सरकवता येते, भोके पाडून आलेला सांगाडा सरकत नाही. मग प्रत्येक खांबाखाली खड्डा. मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर तिथपर्यंत. न लागला तर अंडर-रीम्ड पाइल. खड्डा उन्हात उघडा ठेवत नाहीत, त्याच दिवशी पीसीसी म्हणजे साध्या काँक्रीटचा थर टाकतात. नाहीतर तळ वाळून भेगाळतो आणि पुढे फुगतो. खांबाच्या काँक्रीटभोवती काळी परत न टाकता वाळू किंवा मुरूम भरतात. अँकर बोल्ट लाकडी किंवा लोखंडी साच्यात बसवून, पाणसळ आणि ओळंबा लावूनच काँक्रीट ओततात.

खांबांना जोडणारा बीम जमिनीवर टेकवायचा नसतो. पाइलच्या मानकाप्रमाणे त्याखाली किमान ८० मिलिमीटर पोकळी ठेवतात, म्हणजे फुगलेल्या मातीला वर यायला जागा मिळते. पोकळीत उंदीर-घुशी शिरू नयेत म्हणून बाहेरून विटेची पातळ आड लावतात; ती बीमला घट्ट भिडवत नाहीत.

फरशी नसण्याचा फायदा इथेच येतो. झाकलेल्या जागेखाली ओलावा साठतो आणि मधली जमीन वर येते. काँक्रीटची फरशी असेल तर ती मधोमध फुटते आणि कडेने बांधलेली असेल तर भिंतीही ओढते. मुरूम सांगाड्याला कुठेच बांधलेला नसतो. आतली काळी फूट-दीड फूट काढून, मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर पसरून, पाणी मारून धुम्मसने चोपतात. चाकांखाली शहाबादी फरशीच्या दोन सुट्या पट्ट्या टाकल्या तर चर पडत नाहीत. आतली पातळी बाहेरच्या जमिनीपेक्षा फूटभर वर, भोवती उताराची मुरमाची पट्टी, आणि छताचे पाणी पन्हाळीतून पायापासून दूर. पहिल्या पावसाळ्यानंतर मुरूम थोडा बसतो. तेव्हा वर एक थर टाकून पुन्हा चोपतात आणि बोल्टचे नट एकदा आवळून घेतात.