1616 चं वैकुंठगमन

करंजाडेत आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक कायमचा फ्लेक्स असतो. आतला माणूस बदलतो, चौकट तीच. कडेला झेंडूची माळ, खाली ‘शोकाकुल ग्रामस्थ मंडळ’ आणि नावाआधी ‘वै. ह.भ.प.’ करंजाडे म्हणजे अर्धं सिडकोच्या इमारती आणि अर्धं जुनं गाव. गावात हरिनाम सप्ताह बसतो, इमारतींत मल्याळी, मंगळुरी, गोंयकार, वऱ्हाडी असे सगळे राहतात. आमच्या मजल्यावरच्या मंगळुरी आंटींना मराठी बोलता येतं, वाचता अडखळत येतं. येता-जाता त्या फ्लेक्स वाचतात, तेवढाच सराव. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, “हे ‘वै.’ म्हणजे काय हो? वैद्य?”

मी सांगितलं, वैकुंठवासी.

त्या थांबल्याच. म्हणाल्या, “म्हणजे आमच्या पुराणातलं वैकुंठ?”

आता थांबायची पाळी माझी होती. आंटी रोमन कॅथलिक. त्यांच्या दिवाणखान्यात येशूची तसबीर आहे: पांढरा झगा, खांद्यावर लाल वस्त्र, पायाखाली ढग, पाठीमागे सोनेरी प्रभा, आणि वर उचललेल्या हातावर खिळ्याची खूण अजून तशीच. त्यांच्या आजोळी लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, संध्याकाळी कुणीतरी मोठ्यानं ‘पुराण’ वाचायचं. मुलांना त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण वैकुंठ हा शब्द कानात राहिला होता. येशू तिथंच गेला, असं त्यांनी इतकं सहज सांगितलं की मला माझ्याच वैकुंठाची कुळकथा शोधावीशी वाटली.

पुराण कोणतं, याला फार शोधावं लागत नाही. ते फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’. इंग्लंडमधल्या विल्टशायरचा हा माणूस 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरला, जेझुइट म्हणून सासष्टीत राहिला आणि 1619 मध्ये गोव्यातच वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्यानं मराठी अशी कमावली की जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात 36 आणि दुसऱ्यात 59 अध्याय, ज्यांना तो ‘अवस्वरु’ म्हणतो. 1616 मध्ये राशोलला ते छापलं गेलं. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमी अक्षरांत. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांनी, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचं काय, अशी तक्रार केली आणि त्यावर हे लिहिलं, असं पुराण स्वतःच सांगतं. आणि या पुराणात मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त ज्या धामाचा धनी आहे, त्याचं नाव वैकुंठ.

मला जे सापडलं ते एवढंच, पण यानंतर मला झोप लागेना. कारण तुकोबा देहूहून वैकुंठाला गेले ते शके 1571 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे 1650 मध्ये. मराठीत छापलेलं पहिलं वैकुंठगमन त्याच्या 34 वर्षं आधीचं, आणि ते येशूचं! तुकोबांचं जन्मसाल 1608 धरलं तर राशोलला ते पुराण छापलं जात असताना ते आठ वर्षांचे होते.

आंटींच्या तसबिरीतल्या, वर गेलेल्या ख्रिस्ताच्या मूळ दर्शनाच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो, त्या सर्वज्ञात आहेत. बायबलातल्या स्तोत्र 110 मध्ये देव कुणाला तरी आपल्या उजवीकडे बसवतो. दानिएलाच्या सातव्या अध्यायात मनुष्याच्या पुत्रासारखा कुणी ढगांबरोबर येतो. प्रेषितांच्या कृत्यांत ढग त्याला नजरेआड करतो. प्रकटीकरणात तो लोकरीसारख्या पांढऱ्या केसांचा, अग्नीसारख्या डोळ्यांचा, तापल्या पितळेसारख्या पायांचा दिसतो. इसवी सन 400 च्या आसपास रोमच्या सांता पुदेन्झियाना चर्चच्या मोझेकमध्ये तो सिंहासनावर बसतो, वर आकाशात माणूस, सिंह, बैल आणि गरुड. हा थाट रोमन बादशहाचा उचलला, असं कलेचे इतिहासकार वर्षानुवर्षं सांगत आले. थॉमस मॅथ्यूज या अभ्यासकानं 1993 मध्ये ते खोडून काढायचा चंग बांधला: हा बादशहा नव्हे, हा जुन्या देवांना टक्कर देणारा देव. मला मॅथ्यूजचं पटतं. एका देवाची गादी दुसऱ्याला मिळते, हे आपण कोकणात गल्लोगल्ली बघतो.

या सगळ्या मांदियाळीत एक गंमत बघा. वर गेलेल्या ख्रिस्ताला देवाच्या उजवीकडे ‘पाहिलं’ असं बायबलात ज्यानं सगळ्यांत आधी ओरडून सांगितलं आणि त्यापायी दगडांचा मार खाऊन प्राण सोडला, त्याचं नाव स्तेफन. आणि मराठीत ते वैभव ज्यानं उतरवलं तो स्टीफन्स, पोर्तुगीजांचा पाद्री इस्तेव्हांव. योगायोगच, पण मी तो सोडणार नाही.

आता मुख्य भांडण. वैकुंठच का? ‘स्वर्ग’ होता की हाताशी.

पहिलं उत्तर सोयीचं: ओवीत यमक जुळवायला शब्द लागतात, स्वर्ग आणि वैकुंठ अदलून-बदलून वापरले, यात काही गूढ नाही. दुसरं धोरणाचं: त्याच काळात मदुराईत रॉबर्तो द नोबिली तमिळ ब्राह्मणांसारखा राहून धर्म सांगत होता, तसाच हा एक डावपेच. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही मला अपुरी वाटतात.

सोयीचं उत्तर घ्या. स्टीफन्स ‘स्वर्ग’ वापरतोच, अगदी आरंभापासून, हे मान्य. पण तिथं तो पृथ्वीच्या जोडीनं येतो, देवानं घडवलेली वस्तू म्हणून. म्हणजे स्वर्ग ही एक बनवलेली जागा झाली. शिवाय मराठी माणसाच्या मनात स्वर्ग इंद्राचा. तिथं पुण्य संपलं की भाडेकरूसारखं खाली उतरावं लागतं. ज्याला ‘सदासर्वकाळचं जीवन’ सांगायचं आहे तो असली मुदतीची खोली कशी देईल? वैकुंठाला मुदत नाही. माझा कयास असा की हा फरक स्टीफन्सला त्याच्या श्रोत्यांनी शिकवला. सासष्टीचे बाटलेले भट आणि कुलकर्णी समोर बसलेले, पाद्रीबाबा ओव्या वाचून दाखवतोय, आणि कुणीतरी म्हणतं: स्वर्ग नको पाद्री, स्वर्गातून माणूस परत येतो.

यावर एक पक्का आक्षेप येईल. मोक्षाला गेलेला परत येत नाही म्हणून वैकुंठ निवडलं म्हणता, पण ख्रिस्त तर परत येणार आहे, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला. शब्द इथं फसतो का? उलट इथंच तो चपखल बसतो. वैकुंठात परतीची वाट भक्ताला नसते, मालकाला असते. तो तिथून खाली उतरतो, त्यालाच अवतार म्हणतात. बरं, वैकुंठातून कुणी पडत नाही म्हणावं, तर जय-विजय हे द्वारपाल शापानं पडलेच की! आणि क्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागात गर्वानं पडलेल्या देवदूतांची कथा आहे. ऐकणाऱ्याला ती परकी वाटली नसणार. वर जाणं, खाली येणं, दारावरच्यांचं पडणं, सगळी हालचाल त्या शब्दात आधीच भरलेली होती. स्टीफन्सला फक्त मालक बदलायचा होता.

पण वैकुंठाचा मूळ मालक तरी विष्णू आहे का? इथं कुळकथेला खरा वळसा पडतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 48 ते 50 या सूक्तांचा द्रष्टा ‘इंद्र वैकुंठ’. बृहदारण्यकात, कौषीतकीतही ‘इंद्र वैकुंठ’ भेटतो. म्हणजे आरंभी वैकुंठ ही जागाच नाही, ते इंद्राचं विशेषण आहे. ज्या इंद्राच्या तात्पुरत्या स्वर्गाला टाळायला हा शब्द निवडला, तो शब्द पूर्वी त्याच इंद्राच्या नावाला चिकटलेला! पुढं तो विष्णूकडे गेला. काश्मिरात आणि खजुराहोच्या लक्ष्मण मंदिरात ‘वैकुंठ’ म्हणजे विष्णूची मूर्ती, माणसाच्या तोंडाला सिंह आणि वराहाची तोंडं जोडलेली. धाम हा अर्थ त्याच्या संसारात पुढं ठळक झाला.

व्युत्पत्तीतही एकमत नाही. भागवताचा आठवा स्कंध म्हणतो, शुभ्र ऋषीची बायको विकुंठा, तिचा मुलगा म्हणून वैकुंठ, आणि रमेच्या हट्टासाठी त्यानं तो लोक रचला. महाभारताचं शांतिपर्व भलतंच सांगतं: देवानं पृथ्वी पाण्याशी, आकाश वाऱ्याशी जोडलं, म्हणून तो वैकुंठ. आणि कीर्तनकार सांगतात, जिथं कुंठा नाही ते वैकुंठ. हे तिसरं कानाला गोड आहे, पण ‘कुंठा’ला आज आपण घुसमट म्हणतो तो अर्थ नंतरचा. कुंठ म्हणजे बोथट, धार गेलेलं. माझं मत इंद्राकडे झुकतं: ज्याचं शस्त्र बोथट होत नाही तो विकुंठ. आईची गोष्ट नाव जुळवण्यासाठी मागाहून रचलेली दिसते. पुराणांची ती जुनी खोड आहे. आणि प्रकटीकरणातल्या त्या दर्शनात ख्रिस्ताच्या तोंडातून दुधारी, तीक्ष्ण तलवार निघते. स्टीफन्सच्या मनात हे नव्हतंच, मला ठाऊक आहे. तरी शब्द कधी कधी आपल्या धन्यापेक्षा शहाणे असतात.

सिंहमुखी वैकुंठमूर्ती आणि रोममधले सिंह, बैल, गरुड यांचं नातं लावायचा मोह मलाही झाला. दोन रात्री त्यात घालवल्या. पण वराह काही बैल होत नाही, आणि यहेज्केलाच्या दर्शनात ते चारही प्राणी कितीतरी शतकं आधी उभे आहेत. सोडून दिलं.

मग हे सगळं इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, नजरेतून सुटलं कसं? 1560 पासून गोव्यात ती बसलेली, जुन्या पोथ्या जप्त होत होत्या, आणि परवानगी घेऊन छापलेल्या ग्रंथात चक्क विष्णूचं धाम! माझा तर्क साधा आहे. पाद्र्यांनी रामायण-महाभारताच्या कथा रोमी अक्षरांत स्वतःसाठी उतरवून घेतल्या होत्या. पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात त्या आजही आहेत. त्यांना शब्दाचं कूळ कळत होतं. पण विष्णू, कृष्ण ही नावं जोवर परमेश्वराला लावली नाहीत तोवर पत्ता चालून गेला. घर घेतलं, पाटी काढली.

पुढचे लोक इतके दिलदार नव्हते. 1805 मध्ये विल्यम केरीनं बंगालातल्या श्रीरामपूरला मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, आणि पुढं प्रॉटेस्टंट बायबलच्या परंपरेत ‘स्वर्ग’ पक्का बसला. वैकुंठ वैष्णवांचं म्हणून बाजूला राहिलं. इंद्राचा मुदतीचा स्वर्ग त्यांना चालला, याचं मला अजून नवल वाटतं. रेव्हरंड टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत, त्यांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ ही मंडळी उभी केली. सिंहासन होतं, उजवा हात होता, नाव मात्र दरबारी. आणि गोव्याच्या कॅथलिक कोंकणीत आज आकाशातल्या बापाला ‘सर्गींचो’ म्हणतात.

हे आंटींना सांगितलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. कारण नरकाला त्यांच्याकडे आजही ‘यमकोंड’च म्हणतात. विष्णूला सेवानिवृत्त केलं आणि यमाला कायम नोकरीवर ठेवलं. चर्चच्या भाषेचा सगळा कारभार मला या एका जोडीत दिसतो: वरच्या मजल्याची नावं तपासून घेतली जातात, तळघराकडे कुणी बघत नाही.

आता वाचकांना एक विनंती. क्रिस्तपुराण 1616, 1649 आणि 1654 असं तीनदा छापलं गेलं. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारनं लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांच्या नकलांवरून जे. एल. साल्ढाणांनी मंगळुरात 1907 मध्ये छापलेलं, किंवा शांताराम बंडेलूंनी 1956 मध्ये पुण्यात देवनागरीत आणलेलं. पण सासष्टीत, वसईत, कोर्लईला, मंगळुराकडे जुन्या घरांचे पेटारे अजून उघडायचे आहेत. माळ्यावर वाळवी लागलेलं, रोमी अक्षरांतलं एखादं बाड निघालं तर पोर्तुगीज समजून रद्दीत टाकू नका. एखादं पान सावकाश, मोठ्यानं वाचून बघा. चार-पाच ओळींत ‘वैकुंठ’ ऐकू आलं, तर बाड तसंच कापडात गुंडाळा आणि जवळच्या ग्रंथालयात कळवा.